फिकी रेघ

"काकू, ती सिकलची जुनी तपासणी झाली होती ना, त्याच्या आधी तुमाले रक्त-बिक्त चढवलं होतं का?"

रक्त काढणाऱ्या करिश्माचं लक्ष तेव्हा रंजीताकडं नव्हतंच. ती सुई डब्यात टाकत होती, कापसाचा बोळा शोधत होती. प्रश्नाचा सूरही असा, की पंखा वाढवू का, पाणी पिता का. रंजीतानं तितक्याच सहज "हो" म्हटलं. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेल्या बाईच्या तोंडातून हो आणि नाही आपोआप निघतात. एटापल्लीला थांबते का, हो. मागं जागा आहे का, नाही. तसंच हे हो निघालं, आणि निघाल्यावर कुठं गेलंच नाही. खोलीच्या मधोमध उभं राहिलं. कूलर घरघरत होता, त्याच्या ओल्या वाळ्याचा वास येत होता, बाहेर चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन काचेला टेकून उभं होतं, आणि ते हो तिच्याकडं बघत होतं.

"किती आधी?"

"असन पंधरा-वीस दिवस."

"मंग बरोबर आहे." करिश्माचा जीव भांड्यात पडला. कालपासून तिला वाटत होतं की आपल्या हातून नमुने बदलले. "त्याईचंच दिसलं असन तेव्हा. ज्यानं रक्त देल्लं त्याईचं. रक्त चढवल्यावर तीन-चार महिने ते तपासाचं नसते ना. कोणी विचारलं नाई तुमाले?"

कोणी विचारलं नाही. रंजीतानं कोपराच्या खोबणीत कापूस दाबून धरला. सिकलसाठी दोनदा रक्त काढून झालं होतं, काल आणि आज सकाळी (आताची सुई गट जुळवायची होती), आणि दोन्ही वेळा मशीननं एकच सांगितलं होतं: या बाईच्या रक्तात सिकलसेलचं नाव नाही. वाहक नाही, पीडित नाही, काही नाही. सगळं हिमोग्लोबिन नेहमीचं, साधं, चार लोकांसारखं. "चांगलंच झालं ना काकू," करिश्मा म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला गेली. लग्न न करता काकू झालेली रंजीता तिथंच बसून राहिली. हात दुमडलेला. हात सोडायचा असतो हे तिला आठवेना.

आली होती ती वेगळ्याच कामाला. पोटात गाठ होती, गर्भाशयाला चिकटलेली. पाळी म्हणून जे सुरू व्हायचं ते थांबायचं नावच घेत नव्हतं. डेपोत पासच्या खिडकीवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढं काजवे यायला लागले, तेव्हा कुठं ती डॉक्टरकडं गेली. हिमोग्लोबिन सहा. आधी रक्त चढवू, मग गाठ काढू, आणि त्याआधी सगळ्या तपासण्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तपासण्यांची रंजीताला भीती नव्हती. उलट थोडी मिजासच होती. जांभळ्या झाकणाची नळी रक्तातल्या पेशी मोजायला, करड्या झाकणाची साखरेला, लाल झाकणाची किडनी, लिव्हर, थायरॉइडला. काल करिश्मानं नळ्या मांडल्या तशी तीच बोट दाखवून सांगत गेली. समाजाच्या वधू-वर मेळाव्यात दरसाल सिकलच्या टेबलावर तीच तर बसते. आपल्यात पत्रिका नाही, पण रक्त जुळवा, असं पोरापोरींना सांगते. पर्समधून स्वतःचं कार्ड काढते, कोपरे झिजलेलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. हे पाहा, मी वाहक. मले काई होत नाई, पण दोन वाहकांनी लग्न केलं तं लेकराले होऊ शकते. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ही तपासणी जन्मात एकदाच कराची असते बाबू, कारण हे काई बदलत नाई. साखर सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. हे तसं नाई. हे तुही जात आहे, असं ती म्हणायची आणि पोरं हसायची, कारण जातीचं नाव घेऊन असा विनोद तिथं दुसरं कोणी करू शकलं नसतं.

कालही कार्ड दाखवून ती म्हणाली होती, हे कशाले पुन्हा? भूल देणाऱ्या डॉक्टरांना पाहिजे, किती टक्के आहे ते, असं करिश्मा म्हणाली. किती टक्के. तिनं त्यावर मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, असन तीस-चाळीस.

ज्याचं रक्त, त्याचं दिसलं. हे वाक्य ती आता आतल्या आत पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि त्याला अर्थ येत नव्हता. रेल्वे फाटकापाशी मालगाडी जाताना डबे मोजावेत आणि मोजता मोजता आकडाच विसरावा, तसं. मग एकदम अर्थ आला, आणि आला तो चेहऱ्यासकट.

धम्मदीप तेव्हा सडपातळ होता. एटापल्लीच्या पलीकडं जंगलात आश्रमशाळा होती, तिथं तिचा बाप लहानू स्वयंपाकी होता आणि धम्मदीप नवाच लागलेला मास्तर. रंजीताशी त्याचं साक्षगंध होऊन गेलं होतं. हिवाळ्यात लग्न धरलं होतं. आणि भर पावसाळ्यात तिला हिवताप आला, तो मेंदूकडं चाललेला. नाल्याला पूर, रस्ता बंद, आणि जवळच्या लहानशा दवाखान्यातला डॉक्टर म्हणे की अंगात रक्त उरलेलं नाही, आणि गट असा की औषधाला मिळणार नाही. ओ निगेटिव्ह. त्या सगळ्या मुलखात तो गट एका माणसाचा निघाला. खाटेला खाट लावून तिला ते चढवलं. तिला आठवतं ते एवढंच, की शेजारच्या खाटेवर त्याचा पाय होता, चिखलानं भरलेला, आणि करंगळीला लागलेलं होतं. त्या पायाकडं बघत ती शुद्धीवर आली. मग कित्येक दिवस आश्रमशाळेत तोच विषय. माय बायनाबाई कपाळाला हात लावून म्हणे, "अवो, रक्त घेतलं त्याचं! आता भाऊ लागते का नवरा, काई समजून नाई राह्यलं." आणि बाप पातेलं घासता घासता खदखदून हसे. "भाऊ लागन तं राखी बांध म्हणा. आपून ते समदं सोडलं ना छप्पन साली? माह्या बापानं देव गठुड्यात बांधून नदीत सोडले, अन् तू रक्तात देव शोधून राह्यली."

तोच बाप. विज्ञानावर त्याची अशी श्रद्धा, की दुसऱ्या कोणाची देवावर नसेल. सिकल तपासणीच्या शिबिराची बातमी आली तेव्हा तीन पोरी असत्या तर तिन्ही नेल्या असत्या. होत्या दोन, रंजीता आणि धाकटी रिना, दोन्ही नेल्या. रंजीता अजून भिंत धरून चालत होती. "लग्नाच्या आधीच पाहून घेऊ. लोक गुण पाहतात, आपण रक्त पाहू." धम्मदीपनंही बाही वर केली. कोणाचं काय चुकलं? आजही तिला सापडेना. सगळ्यांनी सगळं बरोबर केलं होतं. रक्त दिलं ते बरोबर, तपासलं ते बरोबर, एका प्रश्नाची तेवढी जागा राहिली होती, आणि तो प्रश्न तिथं कोणाच्या मनातही येणार नव्हता, कारण ज्यांनी रक्त चढवलं ते तिथं नव्हते आणि जे तपासत होते त्यांच्या पुढं रांग होती. तिला स्वतःला तरी कुठं सुचलं? रिपोर्ट देणारा पांढऱ्या सदऱ्यातला माणूस म्हणाला होता, "सिकलची रेघ मुलाची ठळक आहे. मुलीची फिकी आहे, पण आहे." फिकी आहे, पण आहे. हे शब्द तिनं जन्मभर सांभाळले. फिकी म्हणजे आपली, असं तिला वाटायचं. आपण सावळ्या, बारक्या, आवाजानं लहान, मग रेघ तरी ठळक कुठून असणार.

रिपोर्टनंतर धम्मदीप हापशीपाशी आला होता. बादली भरून वाहत होती आणि दोघांपैकी कोणी हापसा सोडत नव्हतं. तो म्हणाला, "आपण लेकरंच होऊ देल्ले नाई तं?" आणि तिला झिंगू आठवला. आश्रमशाळेतला पहिलीचा पोरगा, सिकलचा. थंडी पडली की त्याची हाडं दुखायची. हाडं दुखतात म्हणजे काय ते तिनं त्याच्या ओरडण्यावरून ओळखलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन तो चुलीजवळ पडायचा आणि बाप त्याला भाताच्या पिशवीनं शेकायचा. एका हिवाळ्यात तो घरी गेला आणि शाळेत परत आला नाही. "अन् झालं तं?" ती म्हणाली. बस, एवढंच. बावीस वर्षांची पोरगी, आणि केवढी खात्री. मग बाप मांडवाचं कसं, वऱ्हाडाचं कसं म्हणून डोकं धरून बसला, तेव्हा तीच म्हणाली होती, "रिनाचा रिपोर्ट कोरा आहे ना." बापानं मान वर केली. तिला वाटलं होतं तो रागावेल. तो म्हणाला, "तू खरी शिकलेली."

कोरा. आज तिचाही कोरा होता. तेव्हाही होता.

आणि तिला हसू आलं. तोंडावर पदर धरून ती हसली आणि शेजारचा म्हातारा बाजूला सरकला. बावीसपासून आजवर जी स्थळं आली त्यांना तिनं सिकलचं कारण सांगितलं. काही घाबरून पळाले, काहींना वाहक आणि पीडित यातला फरक समजला, त्यांना तिनं स्वतः पळवलं. केवढी इज्जतीची सबब होती ती! बाईनं लग्न केलं नाही तर गाव दहा गोष्टी जोडतं. हिच्याबद्दल कोणी जोडली नाही. रक्तातच आहे बिचारीच्या. ती सबब अंगावर घालून ती घाटातून, जंगलातून, नक्षल्यांच्या बंदमधून गाडीबरोबर फिरली. आणि तिच्या खाली काय होतं ते तिनं उघडून पाहिलं नाही. दरवर्षी रिनाच्या घरी मुक्कामाला गेली की सकाळी धम्मदीप "ताई, चहा" म्हणून कप ठेवायचा. ताई. पहिल्या वेळी त्याला तो शब्द उच्चारायला केवढा वेळ लागला होता, आणि मग किती सोपा झाला. तिनं मात्र त्याला लग्नाआधी जे म्हटलं तेच नंतर म्हटलं: गुरुजी. त्यात नवरा बसत होता, मेव्हणा बसत होता, सगळंच बसत होतं. त्यांची खुशबू झाली, तपासली, तर वाहक निघाली. रिनाचं कोरं, म्हणजे बापाकडून आलं, इतकं तर टेबलावर बसणाऱ्या मावशीला कळतच होतं. तरी बायनाबाई म्हणायची, "पोट्टी मावशीवर गेली," आणि रंजीता ते खोडून काढत नसे. तेवढीच एक रेघ तिच्यात आणि त्या लेकरात सारखी होती. आता तीही नाही. आता ती त्या घराची कोणीच नाही, असं काहीतरी वेडगळ तिच्या मनात आलं, आणि हात सोडला तर कापूस खाली पडला. टोचलेल्या जागी एक ठिपका होता. हे कोणाचं, असं तिला खरोखर वाटलं.

"ताई, ने. थंडा आहे, बर्फ नाई टाकू देल्ला." रिना उसाचा रस घेऊन आली, घामानं डबडबलेली, तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडत. "भल्ली गरमी वो. कोळसा पेटल्यासारखं शहर आहे तुमचं. आले का रिपोर्ट?"

"येऊन राह्यले."

"ते निघाले. बस आष्टीच्या पुढं आली म्हणे." रिना टेकली आणि चपला काढून पाय वर घेतले, लहानपणी घ्यायची तसे. "मी म्हटलं, आता तुमचं वय झालं, रक्त द्याचं बंद करा. तं म्हणते, ताईसाठी नाई तं कोणासाठी ठेवू. मोठे आले रक्तवाले."

रंजीतानं रस घेतला. गोड लागेना, कडू लागेना. करिश्मा काचेपलीकडं होती, पाकीट भरत होती. आता एक वाक्य. रिना, तेव्हा ते चुकलं होतं. बस्स. रंजीताला कळेना की तिला हे कोणासाठी सांगायचं आहे. वाक्य घशापर्यंत आलं होतं, रसाच्या घोटाच्या वर.

"ताई, एक सांगू? हसशीन नको." रिना पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. "मले कधी कधी त्या रिपोर्टची याद येते. इकडं यायचं म्हटलं का येतेच. मी एकोणीसची होती. मले कोणी विचारलं नोतं, माहीत आहे ना? बाबा म्हणे, उद्यापासून तुले हळद. मी भल्ली रडली. तुह्या साडीवर तुहं ब्लाउज घालून उभी राह्यली, ते खांद्यातून उतरे. कितीक वर्षं मले वाटे, मी उसनी आहे. हे तुहं घर, मी राखून राह्यली." ती हसली. "मंग एकदा ह्याईले टायफाइड झाला. तापात बडबडले. मी कान देऊन बसली, आता तुहं नाव घेतीन म्हणून. अन् काय म्हणाले माहीत आहे? रिना, गाय सोडली का? दोनदा. गाय सोडली का." तिनं डोळे पुसले. हसतच होती. "तवापासून मी झोपतो नीट. आता तो रिपोर्ट आठवला तं मी म्हणतो, बरं झालं बावा तू आला. तुले वाईट तं नाई ना वाटलं? तुह्या जिवाचं दुखणं, अन् मी बरं झालं म्हणतो."

"नाई वो," रंजीता म्हणाली. आणि घशातलं ते वाक्य खाली गेलं. गिळलं असं नाही. कोणीतरी आतून ओढून घेतल्यासारखं ते गेलं, आणि जाताना जिथं जिथं घासलं तिथं तिथं ती जागा तिला कळली.

ती उठली, खिडकीशी गेली. "पाकीट माह्याच हातात दे," ती करिश्माला म्हणाली. "अन् एक सांग. रक्त देणारा वाहक आहे. चालते ना?"

"डॉक्टरीणबाईनं लिहून देल्लं आहे ना, तुमाले चालते. फक्त मंग पुढं कोणी तपासलं तं सांगजा, रक्त चढवलं आहे म्हणून. नाई तं पुन्हा तेच येईन." करिश्माला एकदम काहीतरी सुचलं आणि तिनं वर पाहिलं. "काकू, तेव्हाचे अन् आताचे एकच का?"

"पाकीट दे, बाई," रंजीता म्हणाली.

धम्मदीप आला तेव्हा त्याच्या डोक्यावर ओला गमछा होता आणि गमछ्याखाली टक्कल. रक्तपेढीत जाऊन, तपासून, देऊन, मग तो वॉर्डात तिच्या खाटेपाशी आला. रिना डॉक्टरीणबाईंशी बोलायला गेली होती. तो स्टूलवर बसला, कोपराला पट्टी, हातात बिस्किटाचा पुडा. बाकी अंगानं सुटला होता, पण पाय तेच. तिनं ठरवलं होतं पायाकडं पाहायचं नाही, आणि पाहिलं. करंगळीचं नख वाकडं वाढलेलं होतं.

"ताई, रिना म्हणे सिकलचंही पुन्हा केलं."

"हो."

"आता मशिनी नव्या आल्या म्हणते." त्यानं पुड्याचा कागद सरळ केला, पुन्हा चुरगळला. "काई वेगळं नाई ना आलं?"

तो सहज विचारत होता. मास्तर होता, सहज विचारायची त्याला सवय होती. पण कागद थांबला होता. आणि रंजीताला त्या थांबलेल्या कागदावरून समजलं की दरसाल चहाचा कप ठेवताना हा माणूसही कशाची तरी वाट पाहत होता, आणि ते त्यालाही बहुतेक माहीत नव्हतं. गाय सोडली का, असं विचारणारा माणूस. तिच्या उशाखाली पाकीट होतं. हात लांब केला असता तर पुरला असता.

"नाई, गुरुजी," ती म्हणाली. "जुनंच आहे. विज्ञान आहे ते, बदलते थोडंच."

त्यानं मान हलवली. एकदा हलून थांबली असती तर बरं. पण ती हलतच राहिली. मग तो उठला आणि बिस्किटाचा पुडा तिच्या उशाशी ठेवला. "खाऊन घेजा, ताई."

पिशवी थंड होती, म्हणून सिस्टरनं ती जरा वेळ बाहेर ठेवली आणि मग लावली. लाल नाही, जवळजवळ काळी दिसत होती. रिना पायथ्याशी बसून तिच्या तळव्यांना हात चोळत होती आणि नागपूरला नर्सिंग करणाऱ्या खुशबूशी फोनवर बोलत होती, हो हो, लावलं, तुह्या बाबाचंच, हो. नळीच्या वरच्या फुग्यात एक थेंब लोंबकळला, पडेना, मग पडला. दुसरा पडला. रंजीताला वाटलं हाताला काहीतरी कळेल, गरम किंवा थंड. काही कळलं नाही. इतकी वर्षं ती जे सांगत फिरली होती ते आज सकाळी खोटं ठरलं होतं, आणि आता थेंबाथेंबानं पुन्हा खरं होत होतं. मघाशी गुरुजींना ती जे बोलली तेसुद्धा. उद्यापर्यंत रेघ येईल. फिकी येईल, पण येईल.

"ताई, काऊन थरथरून राह्यली? थंडी वाजते का?"

"नाई वो. चढून राह्यलं न."

रिनानं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि कडा खाली खोचल्या. रंजीतानं दुसरा, मोकळा हात उशाखाली घातला, पाकीट आणखी आत सरकवलं आणि डोळे मिटले. आता बोलवा कोणाला बोलवायचं ते, तिच्या मनात आलं. आता तपासा.